एका तारेवरचे राज्य

पॅसिफिक महासागराच्या नकाशावर न्यूझीलंडच्या ईशान्येकडे दृष्टी वळविली, तर अथांग निळ्या रंगात विखुरलेले काही ठिपके दिसतात. हे टोंगाचे राज्य. बेटे सुमारे १७०. त्यांपैकी मनुष्यवस्ती जेमतेम छत्तीस बेटांवर. सगळी जमीन एकत्र केली, तरी ती साडेसातशे चौरस किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या गोव्याच्या पाचव्या हिश्श्याएवढीच भरते. लोकसंख्या सुमारे एक लक्ष. त्यांतील बहुसंख्य लोक टोंगाटापू या मुख्य बेटावर राहतात आणि राजधानी नुकुआलोफा हीही तेथेच आहे. या चिमुकल्या देशाला राजा आहे, संसद आहे, आणि ४ जून १९७० पासून तो ब्रिटिशांच्या संरक्षणातून मुक्त होऊन आपला कारभार आपण पाहत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, इतक्या दूरच्या देशाच्या दूरध्वनीची कथा आम्ही येथे का सांगत आहोत, असे तुम्हांस वाटेल. कारण असे की, मोठ्या देशात जे दोष गर्दीत लपून राहतात, ते लहान देशात उघडे पडतात. टोंगाकडे पाहिले म्हणजे आपल्या खिशातील भ्रमणध्वनी कोणाच्या आधारावर बोलतो, हे स्वच्छ दिसते. आणि ते दिसल्यावर, दूरसंचार ही केवळ बाजारात विकत घेण्याची वस्तू आहे की समाजाने मिळून राखण्याची ठेव आहे, या प्रश्नाचे उत्तर देणे भाग पडते. आमचे उत्तर दुसऱ्या पक्षाचे आहे. ते का, हे या लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम बाजाराच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे, ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. टोंगात भ्रमणध्वनीची सेवा मुख्यतः दोन कंपन्यांनी चालविली. एक टोंगा कम्युनिकेशन्स कॉर्पोरेशन, ही सरकारी मालकीची. दुसरी डिजिसेल, ही २००८ च्या सुमारास तेथे आली. डिजिसेलचा उगम २००१ साली जमेकात झाला. तिचे संस्थापक डेनिस ओब्रायन हे आयरिश उद्योगपती. कॅरिबियन समुद्रातील लहान लहान बेटांवर धंद्याचा जम बसवून ही कंपनी पॅसिफिककडे वळली आणि सामोआ, फिजी, व्हानुआटू, पापुआ न्यू गिनी, नाउरू व टोंगा अशा सहा देशांत पसरली. ज्या बेटांवर दूरध्वनी ही पूर्वी कचेऱ्यांची आणि सुखवस्तू घरांची मिरासदारी होती, तेथे प्रतिस्पर्धी उभा राहताच यंत्रे स्वस्त झाली, बोलण्याचे दर उतरले आणि कोळ्याच्या व शेतकऱ्याच्या हाती भ्रमणध्वनी आला. स्पर्धेने हे मोठे काम केले यात शंका नाही. एकाधिकारात ग्राहकाला याचक व्हावे लागते. दोन दुकाने असली म्हणजे त्याला थोडी तरी किंमत येते.

परंतु ही दोन दुकाने ज्या मालाची विक्री करीत होती, तो माल देशात येण्याची वाट मात्र एकच होती.

याचा उलगडा करण्यासाठी यंत्रविद्येत थोडे शिरले पाहिजे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तरी ही गोष्ट समजण्यास शास्त्रज्ञ असावे लागत नाही. भ्रमणध्वनी बिनतारी आहे असे आपण म्हणतो, ते अर्ध्यापुरतेच खरे आहे. आपल्या हातातील यंत्रापासून जवळच्या मनोऱ्यापर्यंतचा प्रवास बिनतारी होतो. त्यापुढे बहुतेक ठिकाणी तारच लागते, आणि समुद्रापलीकडच्या देशाशी बोलावयाचे तर ती तार सागरतळावरून जाते. या तारेच्या गर्भात केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात. त्यांतून प्रकाशाचे स्पंद सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर वेगाने धावतात. ठराविक अंतरावर बसविलेली उपकरणे त्या क्षीण होत जाणाऱ्या प्रकाशाला पुन्हा बळ देतात. खोल समुद्रातील अशा तारेची जाडी बागेला पाणी घालण्याच्या नळीहून अधिक नसते. तेवढ्याशा दोरीवरून राष्ट्राचे बोलणे, बँकांचे व्यवहार, रुग्णालयांचे निरोप आणि मुलांचे अभ्यास ये-जा करीत असतात.

टोंगाला अशी तार २०१३ साली मिळाली. त्यापूर्वी बाहेरच्या जगाशी संबंध होता तो महागड्या उपग्रहांच्या द्वारे. जागतिक बँक व आशियाई विकास बँक यांच्या साहाय्याने नुकुआलोफापासून फिजीच्या सुवा बंदरापर्यंत ८२७ किलोमीटर लांबीची तार टाकण्यात आली, आणि सुवा येथे ती महासागर ओलांडणाऱ्या मोठ्या तारेला जोडली गेली. पुढे २०१८ साली हापाई व वावाऊ या उत्तरेकडील बेटांपर्यंत देशांतर्गत तारही पोहोचली. देशाला जणू नवे कान आणि नवी वाणी फुटली. मात्र देशाबाहेर जाणारी तार एकच राहिली. सरकारी कंपनीचा ग्राहक असो की डिजिसेलचा, परदेशी जाणारा त्याचा शब्द त्याच दोरीवरून चालत होता. आपण 'तारेवरची कसरत' हा वाक्प्रचार सहज वापरतो. हे सगळे राज्यच तारेवर उभे होते.

या धोक्याची पूर्वसूचना मिळाली नव्हती असे नाही. २०१९ च्या जानेवारीत ही तार तुटली आणि जवळजवळ दोन आठवडे टोंगाचा जगाशी नेहमीचा व्यवहार खुंटला. तेव्हा धावपळ झाली. आणीबाणीसाठी उपग्रहाची सोय असावी म्हणून एका कंपनीशी करारही करण्यात आला. परंतु त्या करारातून पुढे वाद उपस्थित झाला, आणि खरी वेळ आली तेव्हा ती सोय कार्यान्वित नव्हती. संकट टळले की त्याची आठवणही टळते, हा मनुष्यस्वभाव सर्व देशांत सारखाच असावा!

ती खरी वेळ आली १५ जानेवारी २०२२ रोजी. राजधानीच्या उत्तरेस सुमारे ६५ किलोमीटरांवर समुद्रात असलेल्या हुंगा टोंगा–हुंगा हापाई या ज्वालामुखीचा सायंकाळी प्रचंड स्फोट झाला. राखेचा स्तंभ सुमारे ५७ किलोमीटर उंच गेला. स्फोटाचा आवाज हजारो किलोमीटर दूर अलास्कापर्यंत ऐकू गेला. पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या. मांगो नावाच्या लहान बेटावरील सर्व घरे वाहून गेली. टोंगात तीन माणसे दगावली. आणि समुद्राच्या तळाशी सरकलेल्या गाळाने व दगडधोंड्यांनी ती एकुलती एक तार अनेक ठिकाणी तोडून टाकली. देशांतर्गत तारही तुटली.

यानंतर जी शांतता पसरली, तिची कल्पना करून पाहा. जगातील प्रत्येक वृत्तपत्रात टोंगाचे नाव होते. पण टोंगाचा आवाज कोठेही नव्हता. काही मोजक्या उपग्रहदूरध्वनींखेरीज बोलण्याचे साधन उरले नाही. किती माणसे वाचली, कोणती बेटे बुडाली, हे समजण्यासाठी न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांना १७ जानेवारीस टेहळणीची विमाने पाठवावी लागली. मांगो बेटावरून येणारा संकटसूचक यंत्राचा संकेत तेवढा पकडता आला. विमानतळाच्या धावपट्टीवर राखेचा थर बसला होता. तो माणसांनी हातांनी साफ केल्यावर २० जानेवारीस मदतीची पहिली विमाने उतरली. त्याच सुमारास दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या उपग्रहतबकडीचा आधार घेऊन डिजिसेलने परदेशी संभाषणाची अगदी मर्यादित सोय सुरू केली. ज्या तबकडीने राष्ट्राला पहिला शब्द परत दिला, ती एका विद्यालयाची होती, धंद्याची नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

टोंगाची पुष्कळ माणसे पोटापाण्यासाठी न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथे राहतात. न्यूझीलंडच्या २०१८ च्या जनगणनेत स्वतःला टोंगन म्हणविणारे ८२ हजारांहून अधिक लोक होते. ही माणसे घरी जो पैसा पाठवितात, तो टोंगाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाशी ताडून पाहता चाळीस टक्क्यांच्या आसपास वा त्याहूनही अधिक भरतो. इतके परावलंबन जगातील फार थोड्या देशांत आढळेल. तार तुटली म्हणजे केवळ खुशालीचा निरोप अडत नाही. घरची चूलही अडते. गोमंतकीय वाचकांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या घरातील माणूस बोटीवर आहे, ज्याला आमच्या घरच्या कोंकणीत आम्ही 'तारवटी' म्हणतो, त्या घराला निरोप न येण्याचा अर्थ नेमका ठाऊक असतो. पूर्वी पत्राची वाट महिना महिना पाहिली जाई आणि त्या प्रतीक्षेची सवय होती. आज रोज रात्री बोलण्याची सवय जडली आहे. म्हणून एका रात्रीचे मौनही जिवाला घोर लावते. टोंगातील घरांनी, आणि त्यांच्या परदेशस्थ मुलाबाळांनी, अशा कित्येक रात्री काढल्या.

तार दुरुस्त करण्यासाठी 'रिलायन्स' नावाचे खास जहाज पापुआ न्यू गिनीहून आले. अशा कामाची पद्धत मोठी मनोवेधक आहे. किनाऱ्यावरून तारेत प्रकाशाचा स्पंद सोडतात. तो तुटलेल्या टोकावर आपटून परत येण्यास किती वेळ लागला, यावरून तुटलेली जागा मोजतात. मग जहाज तेथे जाऊन तळाशी गळ टाकते, टोक वर ओढते आणि नवा तुकडा सांधते. येथे मात्र मूळ तार गाळाखाली गाडली गेली होती. सुमारे नव्वद किलोमीटर लांबीचा भाग नव्याने घालावा लागला. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी, म्हणजे स्फोटानंतर ३८ दिवसांनी, टोंगाटापूचा जगाशी संबंध पूर्ववत् झाला. उत्तरेकडील बेटांच्या तारेला मात्र दीड वर्ष थांबावे लागले. पुढे २०२४ च्या जूनअखेर ती देशांतर्गत तार भूकंपाने पुन्हा तुटली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोन कंपन्यांत स्पर्धा होती, मग दुसरी तार का झाली नाही? उत्तर सरळ आहे. मनोरा उभारला की दुसऱ्या दिवसापासून ग्राहक मिळतो. दर उतरविला की प्रतिस्पर्ध्याचा ग्राहक आपल्याकडे येतो. परंतु जी दुसरी तार पहिली शाबूत असेपर्यंत निम्मी रिकामी पडून राहणार, तिच्यावर कोणताही व्यापारी स्वखुशीने कोट्यवधी रुपये घालणार नाही. एक लक्ष वस्तीच्या देशात तर पहिल्या तारेचाच खर्च निघणे कठीण. यात व्यापाऱ्याचा दुष्टपणा नाही. त्याचा धर्म नफ्याचा आहे आणि त्या धर्माप्रमाणे तो वागतो. चूक आहे ती, बाजार सर्व काही पाहून घेईल असे मानून निश्चिंत बसणाऱ्या समाजाची.

आपल्या पूर्वजांना हे तत्त्व उत्तम कळले होते. गोव्यातील खाजन शेतीचे उदाहरण घ्या. भरतीच्या पातळीखालील ती जमीन. खाऱ्या पाण्यापासून तिचे रक्षण करणारा बांध आणि पाणी आतबाहेर सोडणारी मानस. हा बांध कोणा एका शेतकऱ्याने आपल्या नफ्यासाठी घातला नाही, आणि घालूही शकला नसता. एका ठिकाणी भगदाड पडले तर खारे पाणी सर्वांच्या शेतात शिरते आणि पुढची कित्येक पिके नासतात. म्हणून गावकरीने तो भार आपल्या शिरावर घेतला, प्रत्येकाच्या वाट्याचा हिस्सा काढला आणि बांधाची निगा नित्याची केली. शेतात कोणी काय पेरावे, भात कोणाला विकावा, हे ज्याचे त्याने पाहावे. बांध मात्र सर्वांचा. दूरसंचाराचेही असेच आहे असे आमचे मत आहे. कंपन्यांनी स्पर्धा करावी, दर उतरवावेत, नवनव्या सोयी द्याव्यात. परंतु आणीबाणीची दुसरी वाट हा बांध आहे, आणि तो समाजाने मिळून घातला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की, गरीब देशाने हा खर्च कोठून करावा? शंका रास्त आहे. पण सार्वजनिक पैशातून अशी कामे होतात, याचा दाखला आपल्याच देशात आहे. आपल्याकडे दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नाचा ठराविक भाग एका निधीत जमा होतो. २००३ साली कायद्याने मान्यता पावलेल्या या निधीचे नाव आता डिजिटल भारत निधी असे आहे. जेथे धंदा परवडत नाही, तेथे सेवा पोहोचविणे हा त्याचा उद्देश. या निधीतून चेन्नईपासून अंदमान-निकोबारपर्यंत सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची सागरी तार टाकण्यात आली व १० ऑगस्ट २०२० रोजी तिचे उद्घाटन झाले. कोचीपासून लक्षद्वीपपर्यंतची तार ३ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाली. या बेटांवरील ग्राहकांची संख्या पाहून कोणताही व्यापारी तेथे गेला नसता. शहरातील ग्राहकाच्या बिलातील थोडा अंश बेटावरील विद्यार्थ्याच्या कामी आला. यालाच आम्ही बांधाचा हिस्सा म्हणतो.

दुसऱ्या वाटेचे मोलही भारताने अनुभवलेले आहे. २००८ च्या जानेवारीअखेर इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन तारा तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट मंदावले, अनेक कचेऱ्यांची कामे रेंगाळली. परंतु देश मुका झाला नाही. कारण पूर्वेकडून जाणाऱ्या अन्य तारा शाबूत होत्या. अपघात टोंगातही झाला, येथेही झाला. फरक पडला तो पर्यायी वाटेमुळे.

लहान देशापुढे आणखी एक पेच असतो. २०२२ च्या जुलैत डिजिसेलचा पॅसिफिकमधील सगळा धंदा ऑस्ट्रेलियाच्या टेल्स्ट्रा कंपनीने विकत घेतला. किंमत १६० कोटी डॉलर. त्यांपैकी १३३ कोटी ऑस्ट्रेलियाच्या सरकारने पुरविले. त्या प्रदेशात चीनचा प्रभाव वाढू नये ही चिंता त्यामागे होती, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे टोंगातील आजीबाई ज्या यंत्रावर नातवाशी बोलते, त्या यंत्रामागची मालकी मोठ्या राष्ट्रांच्या डावपेचांचा विषय झाली! मदत करणाऱ्याचे उपकार मानावेत. पण आपल्या वाणीची किल्ली कोणाच्या हाती आहे, याचा विसर पडू देऊ नये.

अलीकडे आकाशात खालच्या कक्षेत फिरणाऱ्या हजारो उपग्रहांची स्टारलिंकसारखी सेवा आली आहे. २०२४ साली उत्तरेकडील बेटांची तार तुटली, तेव्हा तेथील लोकांनी तिचा आधार घेतला. आता तारेची गरजच उरली नाही, असे म्हणणारेही आहेत. आम्हांस हे मान्य नाही. ज्वालामुखीच्या हाती असलेली दोरी सोडून एका परदेशी मालकाच्या मर्जीची दोरी धरणे, याला स्वावलंबन म्हणता येत नाही. उपग्रह ही दुसरी वाट म्हणून अवश्य असावी. एकुलती एक वाट म्हणून नव्हे. एकाच वाटेवर विसंबणे हाच तर मूळ दोष आहे, मग ती वाट समुद्रातून जावो की आकाशातून.

विद्यार्थिमित्रांनो, हा प्रश्न केवळ बेटांचा नाही. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद पडल्या आणि अभ्यास भ्रमणध्वनीवर आला, तेव्हा सत्तरी, सांगे, काणकोण या आपल्या तालुक्यांतील कित्येक मुले संकेत मिळावा म्हणून टेकड्या चढून झाडाखाली बसत होती. गोव्यात कंपन्या एकाहून अधिक होत्या, किनाऱ्यावर मनोऱ्यांची दाटी होती. पण डोंगरातील मुलाच्या वाट्याला टेकडीच आली. तेथे समुद्र नव्हता, ज्वालामुखी नव्हता. फक्त तेथे पोहोचणे कोणाला फायद्याचे वाटले नव्हते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे की, यापुढे दूरसंचाराचा विचार करताना 'वेग किती' आणि 'दर किती' या दोन प्रश्नांवर थांबू नका. आणखी दोन प्रश्न विचारा. ही तार तुटली तर दुसरी वाट कोणती? आणि सर्वांत दूरच्या घरापर्यंत शब्द पोहोचतो का? उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी पंचायतीत बसेल, कोणी एखाद्या कंपनीचा कारभार पाहील; मतदार तर सगळेच व्हाल. ज्याच्या त्याच्या जागी हे दोन प्रश्न विचारणारी माणसे असली, तर बांधाला भगदाड पडण्यापूर्वीच तो दुरुस्त होतो. टोंगात आता दुसरी आंतरराष्ट्रीय तार वावाऊ बेटापर्यंत आणण्याची योजना पुढे आली आहे. ती लौकर सिद्धीस जावो, अशी आमची मनःपूर्वक इच्छा आहे. मात्र ३८ दिवसांचे मौन सोसल्यावाचून ती गोष्ट साधता आली असती, हे आपण शिकावे.